मदत हवी: वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेनंतर एलव्ही मास इंडेक्स वाढला कसा?

प्रश्न
स्लीव्ह (जठर लहान करण्याच्या) शस्त्रक्रियेआधीचा आणि वर्षानंतरचा असे दोन इको (हृदयाची सोनोग्राफी) रिपोर्ट आहेत. रुग्ण स्त्री, उंची १६२ सेंमी, वजन १२४ वरून ८२ किलो. एलव्ही मास (हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्याच्या स्नायूचं वजन) २१२ वरून १७६ ग्रॅमवर आलं, तरी इंडेक्स (शरीराच्या आकाराच्या हिशेबात तेच वजन) ९० चा ९२ झालाय. ईएफ (दर ठोक्याला त्या कप्प्यातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण) तेव्हाही ६० टक्के, आताही ६०. ई/ई प्राइम (हृदय भरतानाच्या दाबाचा अंदाज, कमी तितकं चांगलं) १३ चं ९. मग हृदय सुधारलं की नाही? शिवाय उठताना चक्कर येते. रक्तदाबाच्या दोन गोळ्या जुन्याच मात्रेत चालू आहेत, त्यातली एक लघवीची.

प्रतिसाद १
सुधारलंय. घोळ भाजकात आहे. मशीन एलव्ही मासला शरीराच्या पृष्ठफळाने भागतं, आणि वजनाबरोबर ते २.३६ वरून १.९२ चौरस मीटरवर आलं. उंची मात्र बदलत नाही, म्हणून मीटरमधल्या उंचीच्या २.७ व्या घाताने भागा: आधी सुमारे ५८, आता ४८. स्त्रियांत ४४ च्या वर म्हणजे स्नायू जाड. म्हणजे आधीचा ‘नॉर्मल’ ९० फसवा होता, आणि थोडी जाडी अजून शिल्लक आहे. डाव्या कर्णिकेचं आकारमानही पृष्ठफळानेच भागलेलं असतं. तिथेही आधी मूळ मिलिलिटर पाहा.

ईएफ आधीच चांगलं असेल तर ते हलत नाही. फरक शिथिल होण्याच्या क्षमतेत दिसतो, तोच तुमच्या ई/ई प्राइममध्ये आहे. स्ट्रेन (स्नायू किती आकसतो त्याचं माप) मोजला असेल तर तोही बघा.

एक सावधगिरी: सूत्रात मापांचा घन होतो. दोन्ही भिंती एकेक मिलिमीटर जाड मोजल्या गेल्या तरी वीसेक ग्रॅम वाढतात. लठ्ठपणात प्रतिमा धूसर येते, त्यामुळे आधीच्या मापांवर डोळे झाकून विसंबू नका.

प्रतिसाद २
चक्कर अंगावर काढू नका. वजन उतरलं की रक्ताचं आकारमान आणि दाब दोन्ही घटतात, जुनी मात्रा जड होते. त्यात पाणी कमी प्यायलं जातं आणि लघवीची गोळी ते आणखी काढते. पाच मिनिटं आडवं राहून दाब मोजा, मग उभं राहून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर नोंद घेऊन डॉक्टरांकडे लगेच जा. सोडियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिनही तपासायला सांगा. गोळ्या स्वतःहून बंद नकोत. बीटा ब्लॉकर (नाडी मंद करणारी गोळी) असेल तर अजिबातच नको, एकदम थांबवला की नाडी उसळते.

प्रश्नकर्ता
मधे तीन आठवडे उलट्या होत्या. त्याचा संबंध?

प्रतिसाद २
आहे, हे आधी सांगायला हवं होतं! उलट्या चालू राहिल्या की थायमिनचा (ब१ जीवनसत्त्वाचा) शरीरातला साठा काही आठवड्यांतच संपतो. पायांवर सूज, धाप, वेगवान नाडी किंवा चालताना तोल जाणं, यातलं काहीही असेल तर आजच रुग्णालय गाठा. तिथे ही माहिती पहिल्यांदा द्या, म्हणजे ग्लुकोज लावण्याआधी थायमिन शिरेतून देता येईल.