थंडीतलं वाचनालय : फळा, सतरंजी आणि दिवाळी अंकांचे नंबर

जुनी_वही
भावानं सकाळी गावच्या वाचनालयाबाहेरच्या फळ्याचा फोटो पाठवला. खडूनं लिहिलंय, ‘हिवाळी व्याख्यानमाला, पुष्प तिसरे. वेळ : सायं. ठीक ६ वा.’ त्या ‘ठीक’वर इतकी हसले! आमच्याकडे ठीक ६ म्हणजे साडेसहाला सतरंजी झटकायला सुरुवात. पाहुणे कधीचे येऊन आतल्या खोलीत तिसरा चहा घेतायत आणि ग्रंथपाल काका दारात उभे राहून रस्त्यानं जाणाऱ्याला ‘या की, बसा जरा’ करतायत.

वाचनालय तालुक्याचं, सरकारी वर्गवारीत ‘ब’ वर्गातलं. सभागृह म्हणजे वरची बालविभागाचीच खोली, कपाटं भिंतीला सरकवून केलेली. माईक एकच. तो बँकेतले एक काका सांभाळायचे आणि तोंडापासून किती बोटं लांब धरायचा हे प्रत्येक वक्त्याला स्वतः करून दाखवायचे, मग वक्ता कितीही नावाजलेला असो. आम्ही पोरं पहिल्या रांगेत असायचो ते विषयासाठी नव्हे. हार-नारळाचं तबक आणून द्यायचं काम पुढं बसलेल्यांना मिळायचं. विषयांना धरबंध नसायचा. सोमवारी शिवकाल, मंगळवारी ऊसावरची कीड, बुधवारी हृदयविकार. हृदयविकाराच्या दिवशी शेवटी बटाटेवडे होते, डॉक्टरांनीही दोन खाल्ले.

तुमच्याकडे थंडीत वाचनालयात काय चालायचं? अजून चालतं का? लिहा. अवांतर झालं तरी चालेल.

उनाड_पाटी
नंबर!!! दिवाळी अंकांचे नंबर कसे विसरलीस ताई?
वर्गणी वेगळी, योजनेचे पैसे वेगळे, एकरकमी. मग होळीपर्यंत अंक बदलत राहायचे. काउंटरवर लांबट वही, एकेका अंकाला एकेक पान, खाली नंबर लावलेल्यांची नावं. ‘आवाज’च्या पानावर तर समासातही नावं. आणि एवढं थांबून अंक हातात यायचा तेव्हा त्यातल्या खिडक्या (चित्रावरची कागदी झडप उघडली की आत दुसरं चित्र) फाटलेल्या. उघडून बघायचं काय, सगळं आधीच उघडं.

रानजाई
खिडक्यांचं काय घेऊन बसलात, शब्दकोडी पेननं भरलेली असायची. तीही चुकीची!
आमच्याकडे राशिभविष्याची पानं गायब व्हायची. बाईंनी शेवटी एका अंकातली ती पानं स्वतःच काढली आणि नोटीसबोर्डावर टाचली. ज्याला बघायचंय त्यानं इथंच उभं राहून बघा. संध्याकाळी तिथं ही गर्दी. साडेसातीवाले मागच्या रांगेत.

कडबाकुट्टी
साडेसातीवाले मागच्या रांगेत 😂😂

पेपरवाला_नाना
दिवाळी अंकाची सुरुवात १९०९ ची. का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा काढला तो पहिला. तेव्हापासून मराठी माणूस नंबर लावून बसलाय. माझा अजून आला नाही.

मृगव्याध
आमच्या वाचनालयाला गच्ची होती आणि शाळेत धूळ खात पडलेली दुर्बीण होती. विज्ञानाच्या सरांनी दोन्हींची गाठ घालून दिली. डिसेंबरच्या १३-१४ तारखेला मिथुन राशीतून उल्का पडतात, ते बघायला रात्री दहानंतर सगळे गच्चीवर. गोधड्या, स्वेटर, कानाला मफलर. सरांनी टॉर्चला लाल जिलेटिन रबरबँडनं बांधलं होतं, पांढऱ्या उजेडानं अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतात म्हणून. आधी पूर्वेला मृग दाखवला, त्या तीन ताऱ्यांच्या रेषेत खाली व्याध. मग म्हणाले, आता कृत्तिकेत किती तारे दिसतात मोजा. बहुतेकांना सहा दिसले. एक आजी म्हणाल्या, मला एकच दिसतो पण मोठा आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं त्यांचं.
उल्का दिसायला लागल्या आणि शेजारच्या कांद्याच्या चाळीवाल्यानं हॅलोजन लावला. चोर आलेत वाटलं त्याला. सरांनी कठड्यावरून हाका मारमारून समजावलं. तो आला वर, घोंगडी घेऊन, आणि पहाटे सगळ्यात शेवटी उतरला तो तोच.

जुनी_वही
@मृगव्याध वा! कुठलं गाव हो?

मृगव्याध
निफाडच्या बाजूला. थंडीचं वेगळं सांगायला नको.

बोरंमिरं
काय सांगू राजेहो, आमच्या इकडं वाचनालयाच्या आवारात कविसंमेलन होये, अन् मधात शेकोटी. लोकं कविता आयकाले येत का शेकाले येत, देवालेच ठाव. एक खेप लाकडं सरली. कवी रंगात आलेला, जाळ इझत चालला. मांगून कोनी तरी म्हने, आतून रद्दीचे पेपर आना. ग्रंथपाल साहेब असे भडकले का विचारू नोका. म्हने, ‘रद्दी इकून पुस्तकं घेतो मी, जाळाले नाही ठेवली!’ मंग कवीनंच आपल्या सायकलीवरचं पोतं देल्लं. त्याच्यात तुऱ्हाट्या होत्या, घरी चुलीसाठी नेत होता बिचारा.

रानजाई
तुऱ्हाट्या देणारा कवी! त्यांच्या कवितेचं नाव-गाव काही?

बोरंमिरं
कवितेचं नाही ठाव ताई, तुऱ्हाट्या लय झ्याक जळल्या.

घाईत_आहे
कुकर लावलाय, पटकन लिहिते. २४ डिसेंबर, साने गुरुजींची जयंती, कथाकथन स्पर्धा. आमच्या गटातल्या सगळ्यांनी एकच गोष्ट सांगितली, कारण सगळ्यांच्या आयांनी एकाच पुस्तकातून पाठ करून घेतली होती. परीक्षक पाचव्या मुलापासून डोळे मिटून ऐकत होते. बक्षीस मिळालं ते गोष्ट मधेच विसरून स्वतःच्या म्हशीचं सांगत सुटलेल्या मुलीला. योग्यच होतं. शिट्टी झाली, आले.

तिळगूळ_घ्या
आमच्या महिला विभागानं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पुस्तकाचं वाण लुटायचं ठरवलं. स्टीलच्या वाट्या आणि प्लास्टिकच्या चाळण्या पुरे झाल्या म्हणे. कल्पना छान, पण सगळ्यांनी एकाच दुकानातून सगळ्यात स्वस्त ते आणलं. घरी एकाच स्तोत्राच्या पुस्तिकांची चळत जमली. सासूबाई म्हणाल्या, चाळणी बरी होती.
दुसऱ्या वर्षी वाचनालयानंच मार्ग काढला. घरातलं वाचून झालेलं पुस्तक आणायचं, आत पहिल्या पानावर आपण दोन ओळी लिहायच्या. मला आलेल्यात लिहिलं होतं, ‘शेवट आवडला नाही, पण तुम्ही बघा.’ कुणी लिहिलं ते मी अजून शोधतेय.

माकडटोपी
कार्यक्रमाबिर्यक्रमाचं माहीत नाही. सकाळचं मुक्तद्वार, म्हणजे कुणीही येऊन पेपर वाचायची खोली, बस्स. पूर्वेच्या खिडकीतून ऊन टेबलाच्या एका टोकाला यायचं आणि तासाभरात सरकत दुसऱ्या टोकाला जायचं. रिटायर्ड मंडळी खुर्च्यांसकट त्याच्याबरोबर सरकत. पेपर एकच, पानं सुटी करून वाटलेली. आधी निधनवार्ता, मग बाजारभाव. अग्रलेखाचं पान सदैव मोकळं.

पेपरवाला_नाना
अग्रलेखाचं पान मी वाचत होतो. मला कुणी विचारलंच नाही.

अभ्यासिका_बाक_शेवटचा
सगळ्यांचं गोड गोड चाललंय म्हणून दुसरी बाजू लिहितो. मी खाली अभ्यासिकेत बसायचो, स्पर्धा परीक्षेची तयारी. वरती व्याख्यानमाला. पूर्व परीक्षा तोंडावर आणि डोक्यावर टाळ्या, माईकची शिट्टी, खुर्च्या ओढल्याचे आवाज. आम्ही पोरांनी सह्या करून अर्ज दिला की कार्यक्रम दुसरीकडे घ्या. कार्यकारिणी म्हणाली, वाचनालय आधीचं आहे, अभ्यासिका नंतरची. आम्ही म्हटलं, रोज उघडं राहतं ते आमच्यामुळे. दोघंही खरंच बोलत होते. खोल्या कमी होत्या, दुसरं काय.
तोडगा शिपाई मामांनी काढला. व्याख्यान सुरू व्हायच्या आधी ते खाली येऊन सांगायचे, ‘आज विषय राज्यघटना आहे, तुमच्या पेपरात येईल’ किंवा ‘आज काही नाही, विनोदी आहे, कापूस घाला कानात.’ राज्यघटनेच्या दिवशी आम्ही वर जाऊन बसलो. हॉल पहिल्यांदा भरलेला दिसला म्हणून वक्ते दीड तास बोलले.

कडबाकुट्टी
दादा झाली का परीक्षा पास?

अभ्यासिका_बाक_शेवटचा
ती नाही. दुसरी झाली.

तिळगूळ_घ्या
अभिनंदन उशिरानं 🙂

दाखल_नोंदवही
मी ‘क’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, त्यामुळे हे सगळं टेबलाच्या पलीकडून. थंडी आली की आमची यादी सुरू. १४ ते २० नोव्हेंबर ग्रंथालय सप्ताह, ३ जानेवारी सावित्रीबाई, १२ ला जिजाऊ आणि विवेकानंद, १४ पासून मराठी भाषेचा पंधरवडा, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांची जयंती म्हणून भाषा गौरव दिन. मधे जिल्ह्याचा ग्रंथोत्सव, त्याच्या ग्रंथदिंडीला माणसं जमवायची. फ्लेक्स एकच केलाय, त्यावर साल घालतच नाही. तारखेच्या जागी कागद चिकटवते.
ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा. वर्गही आहेत, अनुदानही येतं, पण कर्मचाऱ्याच्या हातात काय पडतं ते विचारू नका. वक्त्यांना मानधन म्हणून शाल आणि पुस्तक. एक वक्ते म्हणाले, शाल नको, थंडीत तुमच्या शिपायाला द्या. दिली. मामा ती पांघरूनच सगळ्यांना चहा देत होते आणि पाहुण्यांना वाटलं अध्यक्ष तेच.

जुनी_वही
@दाखल_नोंदवही ताई, तुमच्यासाठी टाळ्या. अभ्यासिकेत आवाज जाणार नाही अशा.

घाईत_आहे
आले परत. वरण उतू गेलं. म्हशीवाली मुलगी आता पशुवैद्यक आहे, हे सांगायचं राहिलं.

उनाड_पाटी
नाही!! खरंच?

घाईत_आहे
आईशप्पथ. आमच्याच तालुक्यात.

खानदेशी_वांगं
थंडी म्हणालात म्हणून. आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन डिसेंबरात, जेवणाला भरीत, कळण्याची भाकरी. तुऱ्हाट्यांचा विषय वर निघालाच आहे, तर वांगी त्याच्यावरच भाजतात, गॅसवर नाही. दिवसभर अहवालवाचन, सत्कार सगळं, पण हजेरी वांग्यांच्या वासावर. एकदा सभासदांची पुस्तकं तेलकट होऊन परत आली तेव्हापासून त्या दिवशी देवघेव बंद.

बोरंमिरं
गॅसवरचं भरीत म्हंजे पाप हाय, लिहून ठेवा.

रानजाई
@दाखल_नोंदवही एक विचारू? कसरीला, म्हणजे कागद खाणाऱ्या किडीला, काय करता? घरच्या जुन्या दिवाळी अंकांना लागलीये.

दाखल_नोंदवही
आधी ब्रशनं झटका, सावलीत वाऱ्यावर उघडे ठेवा, कपाट पुसून पूर्ण कोरडं करा. भर उन्हात तासन्‌तास नको, कागद पिवळा पडून तडकतो. कपाट भिंतीला चिकटवू नका, भिंतीची ओल धरते.

पेपरवाला_नाना
ताई, माझंही एक काम. फार पूर्वी नंबर लावून रहस्यकथांचा एक दिवाळी अंक आणला होता, शेवटची पानं फाडलेली. खून कोणी केला ते अजून कळलेलं नाही. तुमच्याकडे जुने अंक बांधून ठेवलेत का?

दाखल_नोंदवही
काही आहेत. साल सांगा, बघते.

पेपरवाला_नाना
साल आठवत नाही. मुखपृष्ठावर बाई होती आणि तिच्या हातात पिस्तूल.

दाखल_नोंदवही
नाना, सगळ्यांवर तेच असतं.