तारण नसताना कर्ज: मिशनच्या जुन्या पतपेढ्यांबद्दल कोणाला माहीत आहे का?

कपाशीवाली, दारव्हा (यवतमाळ)
आमच्या बचत गटात चौदा जणी आहेत, वही मी लिहिते. परवा नवी सून म्हणाली, "काकू, सातबारा नाही तर कर्ज कोणाच्या भरवशावर?" मी म्हटलं, आपल्या चौदा जणींच्या. पण ही रीत पाडली कोणी? रांचीकडे पाद्रीबाबांनी पतपेढी काढली होती, असं ऐकलं.

निवृत्त गटसचिव, वर्धा
ताई, बरोबर ऐकलं. १९०९ मध्ये रांचीला फादर हॉफमन यांनी कॅथलिक मिशनची पतसंस्था काढली. तिथल्या मुंडा-उरांव आदिवासींच्या जमिनी सावकाराच्या घशात चालल्या होत्या. आदल्याच वर्षी त्या भागातल्या आदिवासींच्या जमिनी राखणारा छोटानागपूर कुळकायदा झाला, त्यातही फादरांचा हात होता. पण नुसत्या कायद्यानं पेरणीला पैसा मिळत नाही! पहिल्या महायुद्धात, जर्मन म्हणून, १९१५ ला त्यांना देश सोडावा लागला. संस्था मात्र राहिली.

मूळ रीत जर्मनीतल्या रायफायझन नावाच्या गृहस्थांची: एका गावचे, एकमेकांना ओळखणारे सभासद, आणि कर्ज बुडालं तर जबाबदारी सगळ्यांची. आपल्याकडचा १९०४ चा सहकारी कायदा तिथूनच आला.

चांदूरकर
अमेरिकेतली पहिली क्रेडिट युनियन, म्हणजे तिकडची पतसंस्था, तीही चर्चचीच. १९०८, मँचेस्टर, न्यू हॅम्पशायर. सभासद कोण? कापडगिरण्यांतले फ्रेंच-कॅनडियन मजूर.

कपाशीवाली
म्हणजे तिथंही कापूसच! भाऊ, उद्याच्या बैठकीत वाचून दाखवते. सूनबाईला पहिल्या रांगेत बसवते.