रश डेकमध्ये लढाईचे पत्ते किती हवेत?

तिसरा_पहारा:
'व्हँपायर: द इटर्नल स्ट्रगल' या पत्त्यांच्या खेळाच्या टूर्नामेंटसाठी ब्रुहा कुळाचा पोटेन्स (बळाची शक्ती) वापरणारा रश डेक, म्हणजे स्वतःहून लढाया उकरून काढणारा डेक, बांधताना लोक ८० पत्त्यांच्या लायब्ररीत (व्हँपायर सोडून बाकीच्या गठ्ठ्यात) पन्नासच्या वर पत्ते मारामारीचे कोंबतात. माझ्या मते चाळीसच्या आसपास थांबावं: बम्स रश (लढाई सुरू करणारा) १०, इमॉर्टल ग्रॅपल (त्या फेरीत फक्त हाताचेच वार चालू देणारा) १०, टॉर्न साइनपोस्ट (लढाईभर ताकद वाढवणारा) ७, अनडेड स्ट्रेंग्थ (एका वाराचा जोर वाढवणारा) ८, टेस्ट ऑफ व्हिटे (लढाईत रक्त मिळवून देणारा) ६. उरलेल्यांत १४ मास्टर (व्हँपायरने नाही, खेळाडूने स्वतः खेळायचे पत्ते), बाकी ब्लीड (समोरच्याचा पूल कमी करणारे) आणि थकलेल्या व्हँपायरला ब्लॉकसाठी जागं करणारे पत्ते. गुण मिळतो तो प्रेला, म्हणजे ज्याला आपण बाद करायचं त्या शेजारच्या खेळाडूला, बाद केल्यावर. त्याचे सगळे व्हँपायर टॉर्परमध्ये (निकामी अवस्थेत) लोळत पडले तरी त्याचा पूल, म्हणजे खेळाडूचा जीव मोजणारे अंक, आपोआप उतरत नाही. शिवाय हात सातच पत्त्यांचा. समोर लढायला कुणी उरलं नाही की चार ग्रॅपल हातात अडकतात आणि डिस्कार्ड फेजला एकच पत्ता टाकता येतो.

लालमाती:
साफ असहमत. दहा ग्रॅपल म्हणजे पाचच लढाया! हिशोब बघा. समोर सात रक्ताचा व्हँपायर आहे; बसलेला प्रत्येक मार तो एक रक्त देऊन भरून काढतो. पोटेन्सच्या वरच्या पातळीवर साइनपोस्टचे +२, अनडेड स्ट्रेंग्थचे +२ आणि मूळचा १, असे पहिल्या फेरीत पाच. त्याच्याकडे दोन रक्त उरलं. ग्रॅपलच्या प्रेसने दुसरी फेरी घेतलीत, साइनपोस्ट चालूच असल्याने तीन बसतात, एक भरून निघत नाही, गडी टॉर्परमध्ये. पण पहिला ग्रॅपल त्या फेरीपुरताच असतो. दुसऱ्या फेरीत नवा ग्रॅपल नसेल तर समोरचा मॅजेस्टी (हाताचा नसलेला, लढाई थांबवणारा वार) टाकून लढाई संपवतो आणि तुमचे तीन-चार पत्ते वाया जातात.

तिसरा_पहारा:
भरलेल्या सातवाल्यावर पहिल्याच झटक्यात जायचंच कशाला? चार रक्ताचा एकाच फेरीत आडवा होतो.

लालमाती:
तो ब्लॉकला भरलेला व्हँपायर पुढे करेल. मग लढाई त्याच्याशीच.

काठावरचा:
दोघांनीही अंतराचा विचार केलेला नाही. ग्रॅपल जवळच्या अंतरावरच चालतो. समोरच्याकडे .४४ मॅग्नम पिस्तूल असेल तर त्याला दर लढाईत एक मॅन्युव्हर (अंतर बदलण्याची चाल) फुकट मिळतो. तो लांब गेला की तुमचे हात पोचत नाहीत आणि त्याच्या गोळीचे दोन बसतात. साइनपोस्ट तर अंतर ठरण्याआधीच टाकलेला असतो, तोही गेला. सेलेरिटीचे (वेगाच्या शक्तीचे) मॅन्युव्हर देणारे किमान सहा पत्ते हवेतच. ते मास्टरमधून काढा, चौदा फार होतात. पण फेम हा मास्टर ठेवा. प्रेच्या व्हँपायरवर फेम लावून त्याला टॉर्परमध्ये पाठवलं की प्रेचे तीन पूल लगेच जातात. लढाई आणि पूल यांना जोडणारा सगळ्यात स्वस्त पत्ता तोच.

लालमाती:
फेमबद्दल मान्य. आणि आधी कुणाला मारायचं हेही ठरवून जा. प्रिडेटर (ज्याचे प्रे आपण आहोत तो खेळाडू) जोरात ब्लीड करत असेल तर त्याचा एक व्हँपायर पाडणं क्षम्य, दोन नाहीत. तुम्ही मागे वळून लढत बसलात की प्रेला फुकटात वेळ मिळतो. दोन तास संपले तर टिकलेल्या प्रत्येकाला अर्धाच गुण, आणि गेम विनला किमान दोन लागतात.

तिसरा_पहारा:
ठीक, ग्रॅपल १४ करतो आणि सहा मॅन्युव्हरही घेतो. त्यासाठी मास्टर १४ वरून १० आणि अनडेड स्ट्रेंग्थ ८ वरून ६. राहिलेले चार जागं करणाऱ्यांतून. ब्लीडला मात्र हात लावणार नाही.