उड्डाणाचे ज्यादा तास घ्यावेत की ऑफ राखावा? बेस (जिथून ड्यूटी सुरू होते ते शहर) मुंबई, घर पुण्यात वाकडला, डोक्यावर कर्ज

वाकडकर_एफओ
वय ३१, ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक. घरी बायको, अडीच वर्षांची मुलगी, आई. प्रशिक्षण आणि टाइप रेटिंग (ठरावीक प्रकारचं विमान चालवायची पात्रता) मिळून ७० लाखांचं कर्ज काढलं, गावाकडची दोन एकर तारण आहे. हप्ता ९५ हजार, अजून सात वर्षं.

पगारात महिन्याला उड्डाणाचे ७० तास धरलेले, वरच्या तासांचे पैसे वेगळे. गेले तीन महिने ८८, ९१, ८६ झाले. शेड्युलिंगचा फोन येतो, "उद्याचा ऑफ देता का?" आणि माझ्या तोंडून हो निघून जातं. आठवड्याच्या ४८ तासांच्या सक्तीच्या विश्रांतीला हात लागत नाही, पण त्याबाहेरचे ऑफ मी देत आलोय. या वेगानं वर्षाच्या १००० तासांच्या मर्यादेला टेकीन.

नातेवाइकांना ९० तास म्हणजे आराम वाटतो. तास मोजतात ते चॉक्स (विमानाच्या चाकांचे अडसर) निघाल्यापासून चॉक्स लागेपर्यंत. परवा चार सेक्टरचे, म्हणजे चार उड्डाणांचे, साडेसहा तास भरले. दुपारी बाराला घर सोडलं होतं, परत आलो सकाळी सातला.

कारण येताना पनवेलच्या पुढे रस्त्यावरचे पांढरे पट्टे दुहेरी दिसायला लागले. खालापूरला फूड मॉलपाशी गाडी लावली, सीट मागे टाकली. जाग आली तेव्हा काच आतून धुरकटली होती, टायची गाठ कानाखाली रुतलेली, आणि बायकोचे अकरा मिस्ड कॉल. घाट अजून चढायचाच होता.

कमांडला, म्हणजे कॅप्टन व्हायला, दोनेक वर्षं आहेत. तोवर असंच रेटून मुद्दल कमी करावं का? घरात हे बोलायला धीर होत नाही.

सांताक्रूझ_कॅप्टन
मित्रा, तू तासांचं विचारतोयस, मला तुझ्या गाडीची धास्ती वाटते. नियम तुझी ड्यूटी मोजतात, तू हौसेनं चालवलेली तीन तासांची गाडी मोजत नाहीत. आधी मरोळला तिघाचौघांत खोली घे. रात्रीच्या लँडिंगनंतर तिथेच झोप, पुण्याला उजेडी जा.

ड्यूटी-विश्रांतीच्या जुन्या नियमांत रात्रीच्या ड्यूटीत सहा लँडिंग चालत, आता दोन. रात्र पाचऐवजी सहापर्यंत धरतात. हे मिळवायला वैमानिक संघटना वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या. नोव्हेंबर २०२५ ला नव्या नियमांचा दुसरा टप्पा लागू झाला आणि डिसेंबरच्या सुरुवातीला रोज शेकडो उड्डाणं रद्द झाली, इतकी वैमानिकांची ओढाताण होती. इतक्या भांडून मिळालेली झोप तू फोनवर देऊन टाकू नकोस.

आणि मेडिकल. माझं क्लास वन, म्हणजे उडायला लागणारं वैद्यकीय प्रमाणपत्र, रक्तदाबापायी पाच महिने अडकलं होतं. उड्डाणाचे पैसे बंद, हप्ता चालू. लायसन्स गमावल्याचा विमा आहे का तुझा? नसेल तर ज्यादा तासांचा पहिला पैसा तिकडे घाल.

नाशिकची_स्नेहा
मी वैमानिकाची बायको. दादा, ते अकरा कॉल मी केलेत, वेगवेगळ्या रात्री. तेव्हा ऑफचे किती पैसे मिळाले हे डोक्यात येत नाही. आमच्याकडे भाऊबीज तारखेला होत नाही, रोस्टर (ड्यूटीचं वेळापत्रक) लागलं की ठरते, त्याचं काही वाटत नाही आता. पण नवरा घरी असून झोपेत असतो, लेकरू दाराशी उभं राहून "बाबा उठला?" विचारतं, तिथे मी हरते. खालापूरचं बायकोला सांगा. कर्ज तिचंही आहे.

एटीआरवाला
मी छोट्या विमानावर आहे. दिवसाला पाच-सहा लँडिंग, कंबर मोडते, पैसे तुमच्याहून कमी. पण बहुतेक रात्री घरी जेवतो. तरी टाइप बदलू नका, पुन्हा रेटिंगचा खर्च आणि बाँड बसेल. पुण्याचा बेस मिळतो का, तो अर्ज टाकून ठेवा. आमच्या एकाला चौदा महिन्यांनी मिळाला.

वाकडकर_एफओ
सर, विमा नाही. उद्याच चौकशी करतो. खोली मरोळलाच बघतो, भाडं एका ऑफच्या पैशात बसतंय. स्नेहाताई, काल रात्री तिला सांगितलं. ती काही बोलली नाही, उठून कर्जाची फाइल घेऊन आली आणि पहाटे दोनपर्यंत आम्ही दोघं हप्ते मांडत बसलो. ७५ तासांवर थांबलो तरी जमीन सुटते, दीड वर्ष उशिरा. पुण्याच्या बेसचा अर्ज तिनंच टाइप केला.