पणजीत तीन-चार तास गाडी कुठे लावावी?

फोंडेकर:
काम आझाद मैदान ते चर्च चौक या पट्ट्यात असतं, साधारण अकरा ते तीन. सोबत आई असते, तिला जास्त चालवत नाही, म्हणून बस नको. गाडी वॅगन आर. १८ जून रस्ता आणि एम. जी. रोडवर घिरट्या घालण्यातच अर्धा तास जातो. फुकट जागा मिळाली तर उत्तम, थोडे पैसे गेले तरी चालेल. जॅमर आणि चलन मात्र नको.

मळेकर:
तुमचा सगळा घोळ क्रमाचा आहे. जागा शोधत आईला फिरवू नका. आधी तिला कामाच्या दाराशी उतरवा, मग एकटे गाडी लावायला जा. त्यासाठी दोन पाट्यांतला फरक माहीत हवा. निळ्या गोलावर लाल कडा आणि एकच तिरकी लाल रेघ असेल तर तिथे गाडी लावून जाता येत नाही, माणूस उतरवण्यापुरतं थांबता येतं. दोन रेघांची फुली असेल तर थांबणंही नाही. एका रेघेच्या पाटीपाशी उतरवतानाही चालक स्टिअरिंगवरच राहिला पाहिजे. 'दोन मिनिटांत येतो' म्हणून उतरलात की ते पार्किंगच.

मग सरळ पाटोला परत या. तसेही फोंड्याहून जुने गोवे, रायबंदर करत तुम्ही तिथूनच शहरात शिरता. कदंब बसस्थानकाजवळ पर्यटन महामंडळाचं बहुमजली पार्किंग आहे. पैसे पडतात, पण सावली मिळते आणि चलनाची भीती नाही. तिथून खाडी ओलांडून फोंताईन्हस या जुन्या वस्तीतून चालत चर्च चौक पंधरा मिनिटं, आझाद मैदान वीस. पाटोच्या कार्यालयांमधल्या रस्त्यांवर फुकट जागाही असतात, पण त्या साडेनऊच्या आत भरतात. अकराला येणाऱ्याने त्यांच्या आशेवर राहू नये.

खुद्द फोंताईन्हसच्या गल्ल्यांत गाडी घालू नका. एक गाडी लावली की दुसरी जेमतेम निघते, आणि तिथलं जवळपास प्रत्येक दार कुणाच्या तरी घराचं आहे.

आल्तिनोवाली:
पाटोला पैसे द्यायचे नसतील तर आल्तिनो. टेकडीवर रस्त्याच्या कडेला मध्य शहरापेक्षा कितीतरी जास्त जागा असते आणि पायऱ्यांनी खाली उतरता येतं. उतरताना मजा, येताना घाम, पण आई खालीच असेल तर हरकत नाही. काम झालं की गाडी घेऊन तिला न्यायला जा.

उतारावर लावताना एवढं करा. गाडीचं तोंड उताराकडे असेल तर पुढची चाकं कडेच्या दगडाकडे वळवा आणि रिव्हर्स गिअर टाका. तोंड चढाकडे असेल आणि कडेला दगड असेल तर चाकं रस्त्याच्या बाजूला वळवून पहिला गिअर, म्हणजे गाडी मागे सरकली तरी चाक दगडाला अडेल. दगडच नसेल तर दोन्ही वेळा चाकं कडेकडे. हँडब्रेक आधी ओढायचा, गिअर नंतर. नाहीतर सगळा भार गिअरबॉक्सवर येतो. पावसाळ्यात जुन्या झाडाखाली किंवा माडाखाली लावू नका. सुकी झावळी पडली तरी काच जाते.

वळणावर, फाटकासमोर, पदपथावर चाक चढवून, हे आल्तिनोलाही चालत नाही. वर पोलीस कमी दिसतात म्हणून लोक धीट होतात, पण रहिवासी फोन करतात.

रायबंदरचा:
आल्तिनोवालीताईंचं बरोबर आहे, पण अकराला टेकडीवरही बरीच गर्दी असते. माझ्या मते वेळच बदला. दुकानं दुपारी एकच्या सुमारास बंद होतात ती साडेतीनपर्यंत. त्या वेळात १८ जून रस्त्यावरसुद्धा जागा मोकळ्या होतात. सरकारी काम नसेल तर दीडला या, सव्वातीनला निघा. संध्याकाळी मांडवीकाठचा बांदोडकर मार्ग विसरा. शनिवार-रविवारी कॅसिनोच्या गाड्यांनी तो भरलेलाच असतो.

सशुल्क जागी पावतीवर गाडीचा नंबर आणि वेळ आहे ना ते पाहूनच पैसे द्या. दराचा फलक नाही, पावती नाही आणि हात पुढे, असा माणूस भेटला तर पुढे चला. आणि पावती हातात असली तरी आखलेल्या पट्ट्याबाहेर चाक गेलं तर चलन होऊ शकतं. दोन गाड्यांमध्ये लावायची असेल तर आपल्या गाडीच्या दीडपट जागा हवी, म्हणजे वॅगन आरला साधारण साडेपाच मीटर. त्याहून कमी दिसली तर रांग अडवून प्रयत्न करत बसू नका.

मुसळधार पाऊस आणि भरती एकाच वेळी असेल तर १८ जून रस्त्यावर पाणी साचतं. त्या दिवशी भरतीची वेळ बघून मगच सखल भागात गाडी सोडा.

फोंडेकर:
क्रम बदलून बघतो. चलन झालंच तर ते खरं की खोटं कसं ओळखायचं? व्हॉट्सअॅपवर लिंका येतात.

मळेकर:
लिंक उघडूच नका. फाइल डाउनलोड करा म्हणत असेल तर ती फसवणूकच. ब्राउझरमध्ये परिवहनचं ई-चलन संकेतस्थळ स्वतः उघडा (पत्ता जीओव्ही डॉट इनने संपतो), गाडीचा नंबर आणि चासी किंवा इंजिन नंबरचे शेवटचे पाच अंक टाका. चलन असेल तर तिथे दिसतं, तिथेच भरा. साध्या चुकीच्या पार्किंगला मोटार वाहन कायद्याचं कलम १७७ लागतं: पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत, पुन्हा केलं तर १५०० पर्यंत. गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा.

आणि ८ डिसेंबरच्या आसपास चर्च चौकात येऊच नका, चर्चच्या सणाची, फेस्ताची फेरी (जत्रा) असते. नोव्हेंबरअखेरीस इफ्फी हा चित्रपट महोत्सव असताना जुन्या गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीच्या) बाजूलाही तसंच. त्या दिवसांत आईला पाटोहून रिक्षाने न्या.