पुस्तकांचा पोदेर

(सोसायटीचा ग्रुप, पर्वरी. श्रावणातला रविवार, पहाटेपासून संततधार.)

सचिव, ए-३०१ : नमस्कार. लाइनवर झाड पडलंय, वीज दुपारनंतर येईल असं कळलं. टाकी भरलेली आहे, तरी पाणी जपून वापरा.

बी-२०४ : आभार, काका. वीज नाही, बाहेर हा पाऊस, आणि फोनला अजून चार्ज आहे, तर एक विषय काढते. मी पुस्तकांवर लिहिते हे तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहेच. परवा एका वाचकाने विचारलं, वाचक म्हणून तुम्हाला काहीही मागायची मुभा मिळाली, अगदी अशक्यसुद्धा, तर काय मागाल? यादी करायला बसले आणि थांबताच येईना. इथे टाकते. तुम्हीही मागा.

बी-२०४ : पहिलं, बेतीहून पणजीला जाणारी फेरीबोट. माझ्या प्रकरणाची शेवटची दोन पानं उरलेली असतात आणि नेमकी तेव्हाच ती धक्क्याला लागते. तर चालवणाऱ्याने वरून हाक द्यावी, "कुणाचं प्रकरण राहिलंय काय?" एखादा हात वर झाला की मांडवीत आणखी एक फेरा मारावा.

बी-२०४ : दुसरं, फार आवडलेलं पुस्तक पुन्हा पहिल्यांदा वाचायला मिळावं. पुढे काय होणार ते मनातून पुसलं जावं. पण ते वाचून माझ्यात जे बदललं ते तसंच राहावं, त्याला हात लावायचा नाही.

बी-२०४ : तिसरं, मला १५५६ साली जुन्या गोव्याच्या धक्क्यावर जाऊन उभं राहायचंय. ते छपाईयंत्र खरं तर ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचं होतं. पोर्तुगालहून निघालं, वाटेत गोव्याला आलं आणि इथेच राहिलं. भारतातली छपाई इथून सुरू झाली. ती पेटी उघडताना मला बघायचीय. शाईचा पहिला वास घ्यायचाय.

ए-२०२ वहिनी : काय सुंदर! मला तर पेटी म्हटल्यावर आमची माळ्यावरची पेटीच आठवली. सासऱ्यांची पुस्तकं आहेत त्यात. उघडायचा धीर होत नाही.

सी-१०३ काका : ताई, धक्क्यावर आलातच तर लगेच परतू नका, आणखी ६० वर्षं थांबा. १६१६ साली राशोलला फादर थॉमस स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण छापलं गेलं. माणूस इंग्लंडचा, गोव्यात आला १५७९ साली, आणि ओव्या लिहिल्या मराठीत, सुमारे ११,०००. पण देवनागरीचे खिळे तेव्हा इथे नव्हते, त्यामुळे मराठी ओव्या रोमन अक्षरांत छापाव्या लागल्या. मी आयुष्यभर ग्रंथालयात काम केलं, तरी या गोष्टीची हळहळ अजून जात नाही.

बी-२०४ : काका, मग चौथं मागणं हेच. हा फोन घेऊन मी राशोलला जाणार. त्यावरचा मराठी कीबोर्ड त्यांना दाखवणार. ज्ञ, क्ष, जोडाक्षरं, रफार, सगळं एका बोटाने उमटतं म्हणून सांगणार. आणि त्यांनी पहिली ओवी देवनागरीत लिहिली की तिथेच थांबून वाचणार.

सी-१०३ काका : आणि येताना एक छापील प्रत घेऊन या. १६१६ च्या त्या आवृत्तीची एकही प्रत आज कुठे असल्याचं माहीत नाही. हस्तलिखितं उरली, म्हणून ग्रंथ आपल्यापर्यंत आला.

बी-२०४ : आणेन. आणि पणजीतल्या पाटो भागातल्या मध्यवर्ती ग्रंथालयात स्वतःच्या हाताने देईन. १८३२ सालची ती संस्था, गोव्याच्या आद्य लेखकांपैकी एक असलेल्या कृष्णदास शामांचं नाव आज तिला आहे. त्या प्रतीला याहून चांगली जागा कोणती?

डी-४०२ : माझं मागणं साधं आहे. बोरीला एका संध्याकाळी जावं आणि बा. भ. बोरकरांनी स्वतः कविता गाऊन म्हणाव्यात. आजोबांनी ऐकलं होतं त्यांना. सांगताना ते स्वतःच गुणगुणायला लागायचे. मला फक्त पुस्तकातली अक्षरं मिळाली.

बी-२०४ : अरे, हे माझ्या यादीत कसं नाही! घालते.

बी-१०१ मावशी : मी काही वाचणारी नाही हां तशी. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून बारीक अक्षरं लागतच नाहीत. पण मागायचंच तर दुपारी जेवण झाल्यावर कुणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावं. कितेंय चलता. पेपरातली गोष्टसुद्धा चालेल. आमचा बाबा वाचायचा, आम्ही भावंडं काजूच्या बिया फोडत ऐकायचो.

बी-२०४ : मावशी, तुमचं मागणं माझ्या सगळ्या मागण्यांच्या वर.

ए-२०२ वहिनी : माझं एकच मागणं. गोव्यात पाऊस पडावा, हवा तेवढा पडावा, पण पुस्तकांना बुरशी लागू नये. ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस आपल्याकडे, आणि जून लागला की कपाटाचं दार उघडल्यावर जो वास येतो तो मला सहनच होत नाही. सासऱ्यांची पेटी मी त्याच भीतीने उघडत नाही. आत काय उरलं असेल?

सी-१०३ काका : वहिनी, हे मागणं जादूशिवाय पुष्कळसं पुरं होतं. पेटी आज उघडू नका. हवा पाण्याने भरलेली आहे, ती आत जाईल. गणपतीची चवथ होऊ द्या, दोन-चार दिवस सलग कोरडे मिळाले की उघडा. पुस्तकं उन्हात ठेवू नका, कागद पिवळा पडून कडक होतो. सावलीत, वारा असेल तिथे, पानं थोडी पसरून उभी करा. बुरशी दिसली तर आधी वाळू द्या आणि मग मऊ ब्रशने घराबाहेर झाडा, नाकातोंडाला फडकं बांधून. ओल्या बुरशीवर फडकं फिरवलंत तर ती कागदात आणखी मुरते.

ए-२०२ वहिनी : आणि ते चंदेरी किडे?

सी-१०३ काका : ती कसर. तिला बांधणीतली खळ आवडते, अंधार आवडतो आणि ओल आवडते. कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं जागा सोडा, बाहेरच्या भिंतीला तर अजिबात नको. पुस्तकं दाबून भरू नका, मध्ये वारा खेळला पाहिजे. वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवा. कडुलिंबाचा पाला ठेवायचा तर पुरता वाळलेला, ओला पाला स्वतःच ओल घेऊन येतो. आणि सगळ्यांत मोठा उपाय म्हणजे पुस्तक वरचेवर हातात घेणं. ज्याची पानं उलटली जातात तिथे कसर निवांत बसत नाही.

ए-२०२ वहिनी : काका, पेटी उघडेन त्या दिवशी तुम्ही याल का?

सी-१०३ काका : येणार. ब्रश माझा.

डी-२०१ : सगळ्यांबद्दल आदर ठेवून विचारतो. एवढा त्रास कशाला? मी सगळं फोनवर वाचतो. बुरशी नाही, कसर नाही, हजार पुस्तकं खिशात. मावशींनाही अक्षर मोठं करून मिळेल, फोन वाचूनही दाखवेल.

बी-२०४ : खरंय दादा. मीही फोनवर वाचते, आणि जुन्या दुर्मीळ ग्रंथांची पानं घरबसल्या बघायला मिळतात ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण माझ्या फोनवरचं पुस्तक मला मावशींच्या दारात ठेवता येत नाही. त्याच्या समासात तुमच्या बाबांनी पेन्सिलीने केलेली खूण सापडत नाही. आणि मावशींनी वाचून दाखवणारा माणूस मागितलाय. त्यांना आवाजाइतकीच सोबत हवीय, असं मला वाटतं.

बी-१०१ मावशी : होय गे बाय. तसंच.

डी-२०१ : हे पटलं.

बी-२०४ : आता सगळ्यांत लाडकं मागणं, मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. सकाळी पोदेर, म्हणजे आपला पाववाला, येतो. सायकलवर टोपली, वर निळं प्लास्टिक, आणि तो भोंगा. पाऊस असो, वीज नसो, पाव आणि पोई दारात येतातच. तसा मला पुस्तकांचा पोदेर हवाय. संध्याकाळी भोंगा वाजवत यावा. टोपलीवरचं प्लास्टिक उचलावं आणि आत पुस्तकं. त्याला आपल्या प्रत्येकाचं रोजचं माप ठाऊक असावं. ए-२०२ ला कादंबरी, मावशींना मोठ्या अक्षरांच्या गोष्टी, डी-४०२ ला कविता, आणि शाळेच्या मुलांना जे काही हातात धरल्यावर त्यांचे डोळे चमकतील ते. कालचं पुस्तक परत टोपलीत टाकावं, आजचं घ्यावं. पैसे नाहीत, पावती नाही. बाकीची मागणी मी गमतीने केली असं कुणी म्हटलं तर एक वेळ चालेल. हे मागणं मी मनापासून करतेय. लिहून लिहून मी पुस्तकांबद्दल सांगू शकते, पण वाचावंसं वाटलेल्या माणसाच्या हातात त्याच संध्याकाळी पुस्तक पडलं नाही तर ती इच्छा विझून जाते. हे मी फार वेळा बघितलंय.

सी-१०३ काका : रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यातला एक, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. ताई, तुमचा पोदेर म्हणजे तोच नियम सायकलवर बसलेला. एक सांगू? मी रोज संध्याकाळी चारी इमारतींना फेरी मारतोच. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. हातात पिशवी असली तर काय बिघडलं?

ए-२०२ वहिनी : काका!!

सचिव, ए-३०१ : कल्पना उत्तम आहे. फक्त पुस्तकं हरवली, फाटली तर जबाबदारी कुणाची, हे आधी ठरवून घेऊ. एक रजिस्टर ठेवावं असं माझं मत.

सी-१०३ काका : सचिवसाहेब, आयुष्यभर रजिस्टरं लिहिली. दंडाच्या धाकाने पुस्तक परत येतं, पण तो वाचक परत येत नाही. वहीत फक्त एवढंच लिहू, कुठलं पुस्तक कुठल्या दारात गेलं. तारीख नको. ज्यांना आपली प्रत जिवापाड जपायचीय त्यांनी ती पिशवीत देऊ नये, यात कुणी वाईट वाटून घ्यायचं नाही.

बी-२०४ : मान्य. माझ्याकडे ज्यांच्या दोन प्रती आहेत ती पुस्तकं आणि वाचून झालेली सगळी पिशवीत. मराठी, कोंकणी, दोन्ही. इंग्रजी कुणाला हवं असेल तर सांगा.

सचिव, ए-३०१ : ठीक. वही मी देतो. लिफ्टजवळच्या कोनाड्यात पिशवी टांगायला खिळाही मारून देतो.

ए-२०२ वहिनी : लिफ्टजवळ नको, तिथे वरून पाझरतं. आमच्या दाराशी टांगा, भिंत कोरडी आहे.

डी-४०२ : काका, पाऊस जोरात असेल त्या दिवशी मी फिरतो. तुम्ही घसराल. आणि भोंगा माझ्याकडे आहे, जुन्या सायकलचा. वाजतो.

बी-१०१ मावशी : माझ्याकडे येताना दोन मिनिटं थांबून एक पान वाचून जायचं. चहा मी करते.

डी-२०१ : मावशी, मी शनिवारी-रविवारी मोकळा असतो दुपारी. मराठी वाचन माझं थोडं अडखळतं, शाळा बाहेर झाली माझी. चालेल का?

बी-१०१ मावशी : चालेल रे पुता. घाई नाही मला. अडलास की मी सांगेन.

बी-२०४ : उद्याच्या पिशवीसाठी कोण काय देतंय ते इथेच लिहा. नाटकं कुणाकडे असतील तर हवीत, दोघांना मिळून मोठ्याने वाचता येतात.

ए-२०२ वहिनी : माझ्याकडे आहेत दोन. पण प्लास्टिकची पिशवी घाला आतून, काका, कापडी पिशवी भिजेल.

सी-१०३ काका : घातली. साडेपाचला ए पासून सुरुवात करतो. डी-४०२, भोंगा घेऊन खाली ये. आणि बी-३०३ ला तान्हं बाळ आहे, त्यांच्या मजल्यावर वाजवायचा नाही.