जुन्या जिप्सीचे पाटे आणि चासीचा गंज : घरच्या दुरुस्तीचे अनुभव

या धाग्याचा विषय मुद्दाम आखडता ठेवला आहे. वीस-पंचवीस वर्षांची मारुती जिप्सी किंवा जीप घरच्या अंगणात उभी करून तिचे पाटे (गाडीचे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), बुश (सांध्यांतली रबरी नळकांडी), शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) आणि गंज यांची दुरुस्ती ज्यांनी स्वतः केली, त्यांनी काय केले आणि कोणते काम मिस्त्रीवर सोपवले, ते लिहावे. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याच्या नावाऐवजी त्याचा भाग दिला आहे. इंदुरात समुद्राची खारी हवा नाही, म्हणून गाडी गंजणार नाही, असे पुष्कळांना वाटते. पण चोरल किंवा जानापावच्या बाजूला पावसाळ्यात जाऊन आलेल्या गाडीच्या चासीत, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यात, माळव्याची काळी माती भरते आणि वरून वाळलेली दिसली तरी आत आठवडेच्या आठवडे ओल धरून बसते.

रामबाग

आमची जिप्सी १९९८ सालची आहे. बाहेरच्या पत्र्यावर दिसणारा गंज बहुधा किरकोळ असतो; खरी चिंता चासीच्या बंद पोकळीची, बॉडी माउंटच्या (जिथे बॉडी चासीवर बसते त्या जागेच्या) खालच्या भागाची आणि मागच्या पाट्यांच्या हँगरची (पाटे चासीला जोडणाऱ्या कड्यांची) करावी. तपासणीची सोपी रीत अशी, की स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने चासी ठोकत जावे. साबूत लोखंड खणखणते, कुजलेले बद्द वाजते, आणि तशा जागी टोक दाबले की पापुद्रे सुटू लागतात. चासीला पाणी निथळण्यासाठी जी भोके असतात, ती आमच्या गाडीत पार बुजली होती. जाड तारेने ती मोकळी केल्यावर आतून वाळलेल्या चिखलाच्या वड्याच्या वड्या पडल्या. त्यानंतर गढूळ पाणी येणे थांबेपर्यंत पाइपने आत पाणी सोडले आणि गाडी वैशाखाच्या उन्हात चांगली तापू दिली. हे काम उन्हाळ्यातच काढावे, कारण आत ओल असताना वरून रंग देणे म्हणजे ती ओल आतच कोंडून ठेवणे होय.

सुटा गंज वायर ब्रशने आणि ग्राइंडरने काढून उरलेल्या थरावर फॉस्फोरिक आम्लाचे द्रावण लावले. त्याने लोखंडाच्या तांबड्या गंजाचे काळसर फॉस्फेट होते. मात्र पापुद्रे तसेच ठेवून ते लावले, तर वरचा थर काळा होतो आणि खालचा गंज चालूच राहतो. हातमोजे आणि चष्मा घालूनच हे करावे. रेड ऑक्साइड या तांबड्या प्रायमरबद्दल माझे मत अनेकांना पटणार नाही, पण नुसता प्रायमर देऊन गाडी पावसाळ्यात बाहेर काढण्यात अर्थ नाही. तो पाणी पूर्ण अडवत नाही. त्यावर पक्का रंग हवाच. पोकळीच्या आत ब्रश पोहोचत नसल्यामुळे तिथे बारीक नळीने मेणयुक्त गंजरोधक फवारले.

महू

लष्कराच्या लिलावातून आलेली जिप्सी माझ्याकडे आहे. चारही चाकांना पाटे असल्यामुळे हे काम समजायला सोपे आहे, पण ताकदीचे आहे. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नये; चासीखाली दोन्ही बाजूंना स्टँड लावावेत, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना लाकडी ठोकळे द्यावेत आणि मगच जॅक अ‍ॅक्सलखाली (चाकांना जोडणाऱ्या आसाखाली) घ्यावा. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवल्यास सकाळचा निम्मा त्रास वाचतो.

पाट्यांचा जुडगा सोडवताना त्याच्या मधोमध असलेला सेंटर बोल्ट काढण्याआधी दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प आवळावा, कारण आतले पाटे ताणलेले असतात आणि बोल्ट निघताच उसळतात. या बोल्टाचे डोके अ‍ॅक्सलच्या बैठकीतल्या भोकात बसते. तो तुटला, तर अ‍ॅक्सल पुढेमागे सरकतो आणि गाडी तिरकी चालू लागते. एका बाजूला झुकलेल्या किंवा तिरक्या चालणाऱ्या गाडीत शॉकअप बदलण्याची घाई करू नये. गाडीचे वजन पाटे पेलतात, शॉकअप फक्त हेलकावे आवरतो. पाटे अ‍ॅक्सलला धरून ठेवणारे यू-बोल्ट एकदा आवळले की ताणले जातात, म्हणून मी ते नवेच घातले आणि थोडे चालवून पुन्हा आवळले. बसलेल्या, म्हणजे सपाट झालेल्या, पाट्यांना कमान मारण्याचे (पुन्हा बाक देण्याचे) काम मात्र मी कमानवाल्याकडे दिले. गॅसने लाल करून घरी वाकवलेल्या पाट्याचे पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरते आणि तो लवकरच पुन्हा बसतो.

सुदामानगर

जुने इंजिन ऑइल गाडीखाली फासण्याची आपल्याकडे रीत आहे. माझा तिला विरोध आहे. ते रबरी बुशवर पडले की रबर फुगते, त्याला धूळ चिकटते आणि ठिबकून अंगणातल्या मातीत मुरते ते वेगळेच.

लोकमान्यनगर

बाबांची जुनी जीप मी आणि भाऊ मिळून सांभाळतो. जमिनीचा पत्रा आम्ही घरीच कापून बदलला. कुजलेल्या पत्र्यावर नवे ठिगळ बसत नाही, साबूत धातू लागेपर्यंत कापावेच लागते. नुसती लांबी (पुट्टी) भरून झाकलेला गंज पुढच्या पावसाळ्यात फुगून वर येतो. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवली आणि जस्ताचा मुलामा असलेला पत्रा कडेने घासून घेतला, कारण त्याचा धूर छातीला बाधतो. चासीवरचे वेल्डिंग मात्र अनुभवी माणसाकडून करून घेतले. तो जोड सुटला, तर गाडी रस्त्यावर सुटते.

महूच्या काकांना एक विचारायचे आहे. नवे बुश बसवल्यावर आमची गाडी इतकी कडक का झाली असावी?

महू

ताई, शॅकलचे (पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या हलत्या दुव्याचे) बोल्ट चाके हवेत लटकत असतानाच आवळले असावेत, अशी शंका येते. तसे केल्यास गाडी खाली उतरवताच रबर पिळवटते, ते कायम ताणात राहते आणि लवकर फाटते. बोल्ट ढिले करा, गाडी चाकांवर उभी करून मागून-पुढून चार वेळा दाबून हलवा आणि तिचे वजन चाकांवर असतानाच पुन्हा आवळा. बुश सरकवताना ग्रीस लावू नका. साबणाचे पाणी पुरते.